पिवळी वायर

उम्म अल-कुवैनच्या खाडीत, ऑगस्टात,
सकाळी सातलाच पान्हा हाताला चटके देतो.
बू खल्फानची बोट एकतीस फुटी, दोन इंजिनं,
आणि तक्रार एकच:
रेडिओ दर शुक्रवारी नव्याने जन्माला येतो.
घड्याळात बारा, लुकलुकणारे.
स्टेशनं पुसलेली.

आधीच्या मिस्त्रीने लाल-पिवळी एकत्र पिळून
मेन स्विचच्या पुढे जोडली होती.
स्विच पाडला की सगळंच मेलं.
त्याच्याही आधीच्याने दोन्ही थेट बॅटरीवर दिलेली.
तेव्हा रेडिओला सगळं आठवायचं
आणि इंजिन सुरू होत नसे.

(हसत नाही मी. मीही असाच शिकलो,
कुणाच्या तरी बॅटरीच्या जिवावर.)

लाल वायर जागं राहायची.
तिला स्विचवर द्यायचं, मालक उतरला की तिनेही निजावं.
पिवळी आठवणीची. ती मेन स्विचच्या अलीकडून,
टर्मिनलपासून वीतभरावर फ्यूज घालून.
तार कथील चढवलेली हवी.
खारा वारा साध्या तांब्याला दोन मोसमांत हिरवं करतो.
काळीबद्दल कोणी विचारत नाही,
सगळ्यांचं परत येतं ते तिच्यातूनच.

शाजीने मीटर धरला. पाच मिलीअँपिअर.
बॅटरी शंभराची. फ्यूजच्या पुठ्ठ्यावर भागाकार केला:
वीस हजार तास,
म्हणजे आठशे तेहतीस दिवस,
म्हणजे दोन वर्षं आणि वर तीन महिने,
नुसतं लक्षात ठेवायला.

"आपला करार दोनचा," शाजी म्हणाला. "वरचे तीन कसले?"
"रजा मंजूर होईपर्यंतचे."

गेल्या खेपेला हर्णैला गेलो
आणि स्वयंपाकघरातला दिवा लावायला हात घातला
तर पंखा फिरला.
वायरिंग माझंच, माझ्याच हातचं.
हेमांगीने पीठ मळता मळता
कोपराने तिसरं बटण दाबलं. बघितलंही नाही.

दुपारी बू खल्फान आला.
ओल्या टॉवेलने मान पुसत एकेक स्टेशन लावलं, पाच झाली.
सहाव्या बटणावर नुसती खरखर,
तीच त्याने दाबून धरली, पक्की केली.
म्हटलं, हे रिकामं आहे.

"खल्ली, राहू दे.
इथे नाही लागत. रात्री वीस मैल आत गेलं
की पलीकडच्या किनाऱ्यावरून एक बाई बोलते."
"काय बोलते?"
"मला नाही कळत. वडिलांना कळायचं."

मी मेन स्विच पाडला.
बोटीतलं सगळं गप्प झालं, पंपसुद्धा.
दहापर्यंत मोजलं, मग सवयीने अजून पाच.
स्विच वर केला, सहावं बटण दाबलं.

खरखर, जशीच्या तशी.

"बरोबर," तो म्हणाला.