धावदोरा

नाव ओलाव.
मला वाटलं, छापताना काना राहून गेला असेल.
नॉर्वेचा आहे, पन्नाशीचा, होडीत एकटा,
तेहतिसांत तेहतिसावा.
म्हणून तोच घेतला.
शिवणाच्या तासाला मी नेहमी
मागच्या बाकाशी उभी राहायची, तीच खोड.

मतकरांच्या निनादनं फोनवर सगळं लावून दिलं:
दर चार तासांनी एक ठिपका.
शाळेनं भंगारात काढलेला जगाचा नकाशा
रामबागेतल्या आमच्या बैठकीत, दिवाणाच्या वर.
ठिपका आला की मी टाचणी सरकवते.
हे पाय वर घेतात,
पेपर खाली न ठेवता विचारतात,
"जिंकतोय का?"
नाही हो.
"मग?"

मग काय.
पाणी आमच्याकडे दिवसाआड येतं, नर्मदेचं,
घाट चढून दमलेलं, पाऊण तास.
त्याच्याकडे चहूकडे पाणी
आणि प्यायला रोज चार लिटर,
तेही यंत्र डिसेंबरात बंद पडलं.
शिडाची झोळी करून पाऊस धरतो म्हणे.
पिंप भरताना त्याचे चार लिटर
मी डोळ्यांनी मोजून पाहिले:
अर्धी कळशीसुद्धा नाही.

एका गुरुवारी तो बरोबर इंदूरच्या खाली होता.
टेपला कात्री बांधून ओळंबा सोडला मी,
सरळ दक्षिणेला:
दख्खन, मग नुसतं निळं, मग टाचणी.
त्या दिवशी घरात मी जरा जपून चालले,
वरच्या मजल्यावरच्यानं चालावं तशी.

शीड फाटलं तेव्हा त्यानं फोटो पाठवला.
अकरा तास बसून शिवलेलं, बोटं सुजलेली.
सगळे वाहवा करत होते.
मी चष्मा पुसून पाहिलं: धावदोरा!
अरे बाबा, ताण येतो तिथे उलटी टीप घालायची,
प्रत्येक टाका अर्धा मागे जाऊन पुढे.
सहावीतल्या पोरीला कळतं.
रात्रभर तिकडे वारा होता.
इकडे मी कूस बदलत
त्याची शिवण उसवत होते, घालत होते.
टिकली ती. कशी, देव जाणे.

नकाशाच्या उजव्या कडेला समुद्र संपतो.
टाचणी उपटायची, ह्यांच्या पायांवरून
दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन टोचायची.
मधल्या तीन पावलांत तो कुठेच नव्हता,
माझ्या चिमटीत होता.
तिथे त्याला एकच मंगळवार दोनदा मिळाला.
ह्यांची त्या मंगळवारी दाढ काढली होती.
म्हणाले, एकच पुरे.

फेब्रुवारीत निनाद जिन्यातूनच ओरडत आला,
काकू, तुमचा चोविसावा!
कुणालाही मागे न टाकता.
कुणाची डोलकाठी मोडली, कुणाचं सुकाणू,
एकाला हेलिकॉप्टरनं उचललं.
हा आपला त्याच चालीनं,
पेन्शनच्या रांगेत पुढे सरकावं तसा.

रंगपंचमीला गेर निघाली,
राजवाड्यासमोर टँकरचं रंगीत पाणी
तिसऱ्या मजल्यापर्यंत उडालं,
आणि त्याच दुपारी शर्यत बंद झाली.
मुदत संपली. बक्षिसं वाटून झाली.
फोनवर "धन्यवाद" एवढंच. ठिपका नाही.
तो अजून नऊशे मैल बाहेर.

ह्यांनी पहिल्यांदाच पेपर खाली ठेवला.
"आता?"

आता मीच.
ताशी पाच मैल, चार तास,
म्हणजे नकाशावर जेमतेम एक सूत.
चूक असेल. वारा पडला असेल, वाढला असेल.
रात्री दोनला उठते, दिवा न लावता सरकवते.
मागची भोकं बोटाला लागतात,
एक टाका, रिकामी जागा, एक टाका,
अख्ख्या पृथ्वीभर.
ह्यात उलटी टीप कुठे घालणार.

आज टाचणी किनाऱ्यापासून नखभर.
हे दिवाणावरच झोपलेत, पाय आधीच आखडून.
उद्या पाण्याचा दिवस आहे.