अस्तर

कुओपिओच्या इस्पितळात, तळघरात, खिडकी नसलेल्या खोलीत
मी माणसांच्या दंडातली धमनी मोजतो.
पट्टा आवळायचा. पाच मिनिटं रक्त अडवून धरायचं.
मग सोडायचं, आणि पडद्यावर बघायचं,
अडलेलं रक्त धावत आलं की नळी किती उमलते.
नळी चार मिलिमीटरची. उमलणं केसाएवढं.
त्या केसावर माझं घर चालतं.

हिल्क्का तुओविनेन, वय एकाहत्तर, क्रमांक एकोणीस.
चाळीस वर्षं कोटांच्या कारखान्यात अस्तरं शिवली.
मी सांगू लागलो, रक्तवाहिनीला आतून एक थर असतो,
जेमतेम एका पेशीच्या जाडीचा,
तर मध्येच म्हणाली, म्हणजे अस्तर.
हो, अस्तर.
"मग मला नको शिकवूस. कोट बाहेरून कितीही भारी असो,
अस्तर आखडलं की हात वर जात नाही."

मला जे शिकवलं होतं त्यात कोट नव्हता.
त्यात होतं: या थरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो,
भोवतीचा स्नायू सैलावतो, वाट रुंद होते.
वयाबरोबर हे सुटणं मंदावतं.
आणि जांभळ्या फळांच्या सालीतली फ्लॅवोनॉइडं
म्हणे त्याला पुन्हा जाग आणतात.
या 'म्हणे'साठीच आमचा सगळा खटाटोप:
सहा आठवडे, रोज एक पुडी, पाण्यात कालवून.
निम्म्या पुड्यांत मुस्तिक्काची भुकटी,
दिसायला करवंदाची धाकटी बहीण, काट्यांवाचून वाढलेली.
निम्म्यांत नुसता रंग.
कुणाला काय, हे मलाही ठाऊक नाही.
ठाऊक असलं तर डोळा खोटं मोजतो.

सहाव्या आठवड्यात हिल्क्का आली
ती हात खिशात घालून.
"बाहेरच्या बेरी खाल्ल्या नाहीत ना?"
"छे."
आणि हसली.
पोटातलं ओठांवर येतं म्हणतात,
तिच्या तर दातांवर, हिरड्यांवर, जिभेच्या शेंड्यावर.
पट्टा बांधायला हात पुढे केला तेव्हा नखांच्या कडा
शाईची दौत सांडल्यासारख्या.

पाच मिनिटं आम्ही दोघं गप्प.
तिचे बंद पडलेले ठोके. माझं घड्याळ.
मग तीच म्हणाली, खालच्या आवाजात,
"पहिल्या घोटातच कळलं, तो रंग होता.
रंग मी जन्मभर हाताळलाय.
त्याला आधी मागे काही नसतं, नंतरही काही नसतं.
मुस्तिक्का आधी आंबट लागते, मग उशिरा गोड,
आणि शेवटी जिभेवर खरखर राहते, नव्या कापडासारखी.
ऑगस्टात रान भरलेलं असताना
मी घरात बसून रंग पिऊ?"

पट्टा सोडला.
पडद्यावरची काळी रेघ थांबली, थबकली,
आणि हळूच
फाकली.
मागच्या वेळी जवळपास काहीच नव्हतं.
आज सहा टक्के.

सहा टक्क्यांचं काय करायचं?
बेरीमुळे असेल. रानात रोज दोन तास वाकण्यामुळे असेल.
खोटं बोलताना वाटणाऱ्या मजेमुळेही असेल,
तिची नोंद करायला आमच्याकडे रकाना नाही.
नियम सरळ आहे. मी एकोणीसवर आडवी रेघ मारली.
तिने रेघ बघितली, जशी वाकडी शिवण बघतात,
आणि काही बोलली नाही.

कोट घालताना मात्र थांबली.
इकडे माणूस बँकेतला आकडा सांगेल,
बेरीची जागा सांगत नाही, सख्ख्या भावालाही.
माझ्या टेबलावरचा संमतीपत्राचा कागद तिने उलटा केला,
पेन्सिल घेतली:
तळं, विजेचा तिसरा खांब,
पडलेला पाईन, तिथून डावीकडे, ओल लागेपर्यंत.
खाली एक फुली.

रविवारी मी गेलो. अकरा वाजले तरी उजेड रेंगाळत होता.
डास होते. गुडघे भिजले.
बादली अर्धी झाली तेव्हा लक्षात आलं,
माझा उजवा दंड मी डाव्या हाताने
केव्हापासून धरून बसलोय,
आवळून नाही,
नुसता धरून.