डावं मनगट

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मेयोत
ग्योंग्जूच्या सोकबाई आल्या, वय एकाहत्तर,
दीक्षाभूमीच्या गर्दीत पाय घसरून
डाव्या हातावर पडलेल्या.
सोबत दुभाषा प्रज्ञेश ताकसांडे,
बाईंच्या उजव्या मुठीत अर्धवट सोललेलं संत्रं.

म्हटलं, हात प्लेटवर ठेवा, हलू नका.
त्या हलल्या नाहीत. बोलत राहिल्या.

त्यांच्याकडे म्हणे सहाव्या शतकात
राजा होता बॉपहुंग, सिल्ला देशाचा.
तिथं माणूस मोजायचे हाडावरून.
पवित्र हाड, खरं हाड,
त्याखाली नुसती डोकी : सहा, पाच, चार.
कोणी जांभळं नेसायचं, कोणी पिवळं,
राजानं कायदाच लिहून दिला.

प्रज्ञेश अडखळला.
"हाड म्हणजे, सर... आपलं ते."
समजलं, म्हटलं. पुढचं सांग.

पुढचं असं, की ह्याच राजाला बुद्ध हवा होता
आणि दरबाराला नको.
इचादोन नावाचा विशीतला कारकून म्हणाला,
माझं मुंडकं उडवा,
नवल घडलं तर बुद्ध ठेवा.
राजा म्हणाला, निर्दोषाला कसा मारू?
मारला.
मानेतून दूध उसळलं, असं सांगतात.
दरबाराची दातखीळ बसली.
दोन वर्षांनी फर्मान निघालं, जीव मारू नये.
शेवटी राजानंच डोकं भादरून घेतलं म्हणे.

मी विचारलं, आणि ती हाडांची उतरंड?
सोकबाईंनी मान हलवली.
ती राहिली. आणखी चारशे वर्षं.

फिल्म दिव्यावर लावली.
आठ बारकी हाडं, दोन लांब,
एकावर केसाएवढी चीर.

माझा बाप कामठीला हाडांच्या गोदामात होता.
घरी आला की माय आधी बादली पुढं करायची,
मग पाणी.
अंधारात हात लावून सांगायचा,
हा बैल, ही म्हैस, हे काय ते कळून नाही राहिलं.
लोक म्हणत, हाडाचा कामगार आहे.
तो हसायचा नाही.

केसपेपरवर एक रकाना कोरा होता.
बाईंनी त्यावर बोट ठेवलं, इथं काय?
प्रज्ञेशनं माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, प्लास्टर खोली चौदामध्ये,
जिन्यापाशी फरशी ओली आहे, सांभाळून.

जाताना त्यांनी टेबलावर दोन फोडी ठेवल्या.
एक मी खाल्ली.
दुसरी बराच वेळ त्या दिव्यासमोर धरून
आतल्या बिया मोजत बसलो.