उष्टं

निपाणीत, जुन्या पी. बी. रोडला, दातांच्या दवाखान्यात
मी रजिस्टर लिहिते.
पहिला रकाना नाव, दुसरा गाव, तिसरा तोंड.

डॉक्टर उपाध्ये बाई एकच गोष्ट दोनदा सांगतात:
आ करा. बायि तगी.
नवी होते तेव्हा वाटायचं, बाई म्हणून
मलाच कुणी हाक मारतंय.
दर वेळी ओ द्यायची.
बायि म्हणजे तोंड, हे कळायला अख्खा श्रावण गेला.
उगुळ म्हणजे थुंक.
मी आपली मनातल्या मनात
सहाणेवर चंदन उगाळत राहिले.

दुपारी पेशंट नसले की बाईंचा कोश चाळते.
तोंड, मूळ तुण्ड: चोच, मुस्कट, सोंडसुद्धा.
माणसासाठी वेगळं काही
ठेवलेलंच नव्हतं कुणी.
लाळ, मूळ लाला. तिच्या जरा वर लालन.
दोघांचं नातं आहे का, कोश बोलत नाही.
खांद्यावर तान्हं घेतलेल्या कुणालाही विचारा.

पीक आणि पिंक तर आमच्या गावात
दोन्ही तंबाखूचीच.
एक शिवारात, एक जिन्याच्या कोपऱ्यात.
वेलांटीनं कूस बदलली,
डोक्यावर टिंब आलं, एवढंच.

रायाप्पा बाडकर, वय एकसष्ट, कोगनोळी.
चाळीस वर्षं वखारीत, गालात कायम गोळी.
गेल्या साली कोल्हापुरात किरणं दिली.
गाठ गेली,
जाताना लाळ घेऊन गेली.
आता बोलायला लागला की जीभ टाळूला धरते,
एकेक शब्द
वाळल्या शेंगेतून फोडून काढावा लागतो.

बाईंनी विचारलं, तोंडाला पाणी सुटतं का?
त्याच्या निंगव्वानं त्याच्या कानाशी वाकून
आपल्या बोलीत केलं: बायाग नीर बर्तद एन?
म्हणजे दोन्हीकडं पाणीच.
त्याला कुठल्याच भाषेत येत नव्हतं.
त्यानं नुसता हात हलवला.

एक वाजता बाकावर तिनं फडकं सोडलं.
जोंधळ्याची भाकरी, झुणका, पाण्याची बाटली.
आधी बाटलीतलं पाजलं. घास अडकला. खोकला.
मग तिनं घास स्वतःच्या तोंडात घेतला,
सावकाश चावला, ओला केला,
आणि दोन बोटांनी त्याच्या जिभेवर ठेवला.
गिळला त्यानं.

बाकावरची माणसं खिडकीबाहेर बघायला लागली.
बाहेर फक्त बंद पडलेला टेम्पो होता.
झाडूवाली मालुताई पुटपुटली, उष्टं गं.
निंगव्वाला ऐकू आलं. हूं, एंजल, म्हणाली,
आणि पुढचा घास चावायला घेतला.

तिच्या भाषेत थुंकी आणि उष्टं
एकाच शब्दात नांदतात.
आमचं उष्टं आलंय उच्छिष्टातून,
म्हणजे उरलेलं.
मी बघत बसले, उरलंय किती ते.

संध्याकाळी रजिस्टर पुरं करताना
तिसऱ्या रकान्यात लिहिलं: लाळ नाही.
मग नाही खोडलं.
वर बारीक अक्षरात लिहिलं: बायकोची.

बाईंनी वाचलं. चष्मा काढून पुसला.
सही केली.