सत्तेचाळीस वेळा उरवाई

शर्यतीत चढ आहे चार हजार दोनशे मीटर.
उरवाई दरवाज्यापासून किल्ल्याच्या माथ्यापर्यंत,
माझ्या घड्याळाच्या हिशोबाने, नव्वद.
भागाकार केला: सेहेचाळीस आणि थोडा.
तो थोडाच नडतो,
म्हणून सत्तेचाळीस वेळा वर, सत्तेचाळीस वेळा खाली,
की झाला आमचा हिमालय.

मे महिन्यात साडेतीनला उठायचं.
साडेसहाला दगड तापतात,
त्यानंतर धावणारा ग्वाल्हेरचा नसतो
किंवा शहाणा नसतो.
कातळातले तीर्थंकर अंधारात उभे,
उघडे, कसलीच घाई नसलेले.
चेहरे फोडले कुणी कधी, गुडघे शाबूत आहेत.
मला हेवा वाटतो तो गुडघ्यांचा.

चौकीदार तोमर तिसऱ्या फेरीला विचारतो,
"मॅडम, वर काही राहिलं का?"
पाचव्या फेरीला खुर्ची पुढे सरकवतो.
सातव्या फेरीला बघतच नाही.

उंचीचं मात्र सुटलेलं नाही.
तिथली खिंड साडेतीन हजारांवर, आम्ही दोनशेवर.
विरळ हवा कुठून मागवता येत नाही,
म्हणून चार दिवस आधी जायचं:
सकाळी दिल्ली, रात्रीच्या गाडीने काठगोदाम,
पुढे जीप. पुढची सीट आत्ताच सांगून ठेवली,
कारण मला गाडी लागते.
शंभर किलोमीटर पायी चालतील,
वळणावळणाचे दहा तास जीपमध्ये
पोटाला विचारून.

खोलीसाठी फोन केला तर पांगतीजी म्हणाले, "फ़ौज से हैं क्या?"
पत्ता सांगितला होता ना, लष्कर, ग्वाल्हेर.
नाही हो, लष्कर आमच्या वस्तीचं नाव.
छावणी उठली, नाव राहिलं, मागे आम्ही राहिलो,
मी सहकारी बँकेत कर्जाच्या खिडकीवर बसते.
ते हसले. वरच्या खोलीचं कौतुक सांगितलं,
गॅलरी, समोर सगळी शिखरं.
मग थांबले.
"मैडम, नीचे का कमरा लीजिए.
दौड़ के बाद कोई सीढ़ी नहीं चढ़ पाता."
खालची घेतली. खिडकीतून गोठा दिसतो म्हणे.

खायचं काय, यावर घरात तीन मतं.
मुलगा बेंगळुरूहून जेलच्या पुड्या पाठवतो,
चव गोड गोंदासारखी.
मी मुरैन्याची गजक घेऊन पाहिली,
ती उन्हाळ्यात पिशवीत ओघळली,
बोटं चाटत आठवी फेरी केली.
ऑक्टोबरात बरी राहील.
आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे,
त्यांच्याबद्दल कुणाचंच मत नाही, ते फक्त उपयोगी पडतात.

दिगंबरने एकच विचारलं:
"तीस तास मी तिथे काय करू?"
हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं.
रजा, तिकिटं, डोक्याला लावायचा दिवा,
नखं कधी कापायची (आठ दिवस आधी),
सगळं लिहिलेलं,
आणि गोठ्याकडे तोंड केलेल्या खोलीत
तीस तास बसणारा माणूस
कुठल्या रकान्यात घालायचा ते नव्हतं.

तेव्हापासून रविवारी तोही येतो.
उरवाईच्या पायथ्याशी कुशवाहाच्या बाकावर बसतो,
थर्मास, शब्दकोडं, आणि एक जुनी पासबुक,
तिच्यात माझ्या प्रत्येक फेरीला एक रेघ.
पहिल्या रविवारी दोन तासांत कंटाळला.
तिसऱ्या रविवारी चार तास बसला, चहा एकच.
त्याचाही सराव चालू आहे.

काल दहावी फेरी करून खाली आले.
पाय लाकूड झालेले, सूर्य गुजरी महालावर,
मी बूट सोडायला वाकले.
"अकरा," तो म्हणाला, पासबुक दाखवत.
दहाच झाल्या होत्या. घड्याळात दहा,
मांड्यांत दहा.
कुठेतरी आडव्या शब्दात अडकून
एक रेघ जास्त पडली असणार.
खोडरबर नव्हता, आणि चेहऱ्यावर त्याच्या
हिशोब जुळल्याचं समाधान.

मी नाडी पुन्हा बांधली.
तोमरने मान वर केली,
"अब क्या रह गया, मैडम?"