वीस मीटर तार

लोहार चाळीतून आणली तार,
मोटार वाइंडिंगची, वीस मीटर,
पेपरात गुंडाळलेली, जिलबीसारखी.
चिनी मातीचे इन्सुलेटर आता कुणी ठेवत नाही,
म्हणून दोन जुन्या टूथब्रशांच्या दांड्या, भोकासकट.

एक टोक टाकीच्या शिडीला,
दुसरं बंद पडलेल्या डिशच्या खांबाला.
मधे जरा झोळ ठेवला,
वडाळ्यात खाडीचा वारा सगळंच ओढून बघतो.

सेक्रेटरी धनावडे वर आले. "करंट आहे का यात?"
नाही म्हटलं.
"मग उपयोग काय?"
एक कावळा तारेवर बसला,
पसंत न पडल्यासारखा उडाला.

आठ दिवस ऐकली ती फक्त आमची इमारत:
लिफ्टची घरघर, एलईडी दिव्यांची चुरचुर,
तिसऱ्या मजल्यावरच्या मेनेझिसबाईंचा मिक्सर,
एकतीस मीटरवर, अगदी स्पष्ट.

शनिवारी रात्री मीटरबॉक्समध्ये काहीतरी फट्‌कन उडालं.
जिन्यात शिव्या, मेणबत्त्या.
आणि माझ्या सेलवरच्या रेडिओत
नळ बंद करावा तशी खरखर थांबली.
एक बाई बोलत होती. भाषा कळेना.
मधेच पान उलटल्याचा आवाज,
मग खोकला, दाबलेला.

धनावडे टॉर्च घेऊन दारात. विझवा, म्हटलं.
ते उंबऱ्यावरच बसले.
"काय म्हणतेय?"
"माहीत नाही."
"दमलीय पण," ते म्हणाले.

तेवढ्यात सगळ्या मजल्यांवरून एकदम
आली! आली!
आणि बाई गेली, वाक्याच्या मध्यात.

धनावडे उठले, गुडघे धरून.
जिन्यापर्यंत गेले, परत आले.
मेन स्विचची किल्ली, म्हणाले,
माझ्याकडेच असते.