रांग

कोमाकेच छावणीत जन्मला.
आचोली बोलीत या नावाचा अर्थ, नशीब फुटकं.
लालामनं ते चिडून ठेवलं होतं,
पोरावर नव्हे,
त्या वर्षावर.

तो अकराचा झाला तेव्हा बंदुका थांबल्या.
मी ट्रकच्या फळीवर यादी उघडली:
घरटी दोन कुदळी, एक कोयता, ताडपत्री,
पाच किलो तीळ. अंगठा इथे.
जमीन कुठे? लालाम म्हणाली, लिही,
शियाच्या झाडापासून वारुळापर्यंत.
लिहिलं.
वरच्या ऑफिसला नकाशा हवा होता.

तीन आठवड्यांनी बघायला गेलो.
गवत पुरुषभर. झाड जागेवर.
वारूळ मात्र दुप्पट फुगलेलं,
आणि शेजारचा ओकेमा म्हणे, फुगलं ते माझ्या अंगाला,
म्हणजे हद्द तुझ्याकडे सरकली.
सकाळभर भांडले.
मग वारुळाचं वारुळाला सोडून
दोघांनी कुदळी उचलल्या.
चुलीचे तीन दगड सापडले.
एका जागी लालामनं कुदळ लावली नाही,
वळसा घालून गेली.
मी विचारलं नाही.

पोराला झऱ्यावर धाडलं, तो येईचना.
जाऊन पाहिलं:
पिवळा कॅन पायाशी, हा हाताची घडी घालून उभा.
पाणी खळखळतंय. चिटपाखरू नाही.
काय करतोयस रे?
"माझा नंबर यायचाय."

लालाम हसली. इतकी, की खाली बसावं लागलं.
मग बराच वेळ उठलीच नाही.

दुपारी त्यानं तीळ पेरायला घेतले,
एकेक दाणा, बोट-बोट अंतर राखून,
कुणी पुढे घुसू नये असा.
अशानं पावसाळा सरला असता.
तिनं मागून त्याचं मनगट धरलं:
"जमिनीला मोजून नाही द्यायचं, बाळा.
कमरेतून वळ, आणि हात सोड."
पहिली मूठ त्याच्याच पायांवर.
दुसरी वाऱ्यानं ओकेमाच्या रानात नेली.
"उगवले तर माझे!" ओकेमा पलीकडून ओरडला.
"खा," लालाम म्हणाली.

मी वहीत नोंदलं: तीळ पोचले.

निघताना झऱ्यावरून ट्रक वळला.
कोमाकेच एकटाच होता.
कॅन पाण्यात बुडवण्याआधी
त्यानं एकदा मागे वळून पाहिलं,
कुणी उभं तर नाही ना.